वैद्यकीय विद्यार्थी तासाला का येत नाहीत?

प्रश्न असा आहे: एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) विभागात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांना द्वितीय वर्षाच्या १५० जणांच्या वर्गात सकाळी आठच्या व्याख्यानाला जेमतेम चाळीस-पन्नास विद्यार्थी दिसतात. दुपारच्या प्रॅक्टिकलला मात्र बॅच भरलेली असते आणि परीक्षेतही बहुतेक जण उत्तीर्ण होतात. यामागे कारण काय, हजेरी कडक केल्याने फरक पडेल का आणि सत्राच्या शेवटी तूट भरून काढण्यासाठी जादा तास घ्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे. मी मेडिसिन विभागात बरीच वर्षे शिकवत आले आहे आणि मधल्या काळात महाविद्यालयाच्या हजेरी समितीचे कामही पाहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

आपण दिलेल्या माहितीतच उत्तराचे एक टोक सापडते. आठला न दिसणारी मुले दोनला हजर असतात, म्हणजे ती आवारातच आहेत, आजारी नाहीत आणि वैद्यकीय शिक्षणाला विटलेलीही नाहीत. प्रॅक्टिकलला पंचवीस-तीस जणांची बॅच असते, न आलेला लगेच लक्षात येतो आणि जर्नलवर त्या दिवशीची सही राहिली तर ती मिळवण्यासाठी पुढे विभागात खेटे घालावे लागतात. व्याख्यानाला यांपैकी काहीच लागू होत नाही. तेव्हा ‘विद्यार्थी का येत नाहीत’ या सरसकट प्रश्नाऐवजी कोणत्या तासाला, कोणत्या आठवड्यात आणि कोण येत नाही, असे तीन वेगळे प्रश्न विचारावेत. आपल्याकडे विभागाचा लिपिक सत्राच्या शेवटी बेरीज करून प्रत्येकाची टक्केवारी काढतो, ७५च्या खाली असलेल्यांची डिफॉल्टर यादी फलकावर लागते आणि कारण सांगू शकणारी माहिती त्या बेरजेत विरून जाते. हजेरीपट एकदा विद्यार्थ्यांच्या नावांप्रमाणे न वाचता तारखांच्या रकान्यांप्रमाणे वाचून पाहा. दुसऱ्या विषयाच्या अंतर्गत परीक्षेआधीचे चार दिवस ओस पडलेले दिसतील, गॅदरिंगचा आठवडा दिसेल, गौरी-गणपतीला कोकणात गेलेल्यांची जागा दिसेल. वर्षभर ज्यांच्या तासाला वर्ग रिकामाच राहतो अशा एखाद्या शिक्षकांचा रकानाही दिसेल, पण त्याबद्दल विभागाच्या बैठकीत कोणी बोलत नाही.

परीक्षेआधीच्या गैरहजेरीचे कारण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. २०१९मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे यावर आधारलेला) आला, त्यापूर्वी पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे विषय दीड वर्षात शिकवले जात. तो टप्पा आता सुमारे वर्षभराचा झाला आहे आणि त्यातच रोजचे वॉर्ड पोस्टिंगही, म्हणजे रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णांजवळ शिकणेही, आहे. प्रत्येक विभाग आपल्या अंतर्गत परीक्षा, जर्नल सबमिशन आणि सेमिनार स्वतंत्रपणे ठरवतो. त्यामुळे शुक्रवारी पॅथॉलॉजीची परीक्षा असली की मंगळवारपासून आपला तास रिकामा होतो आणि आपली परीक्षा आली की त्यांचा. तिन्ही विभागप्रमुखांनी सत्राच्या सुरुवातीला एकत्र बसून एकच वेळापत्रक लावले तर ही गैरहजेरी बरीच कमी होते. त्यासाठी विद्यार्थ्यांना काही सांगावे लागत नाही, एवढेच की तिघांना एका खोलीत आणणे हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

आठच्या तासाचा प्रश्न त्याहून साधा आहे. वसतिगृहाच्या मेसमध्ये नाश्ता साडेसात-पावणेआठला सुरू होतो, रांग मोठी असते आणि नऊला वॉर्डात उभे राहायचे असते. ज्याने आठचा तास केला त्याला बारापर्यंत पोटात काही न घेता राउंडला उभे राहावे लागते. राउंडमध्ये घेरी येऊन खाली बसलेल्या मुलामुलींना विचारले तर बहुतेकांनी सकाळपासून काही खाल्लेले नसते. मुंबईत कल्याणहून किंवा वसईहून लोकलने येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, पण तीही याच तासाला येऊन भिडते. रात्री दोन-अडीचपर्यंत जागून अभ्यास करण्याची वसतिगृहातली पद्धत आपण मोडू शकत नाही. आमच्या विभागाने आठवड्यातले एक व्याख्यान वॉर्डानंतर बाराच्या तासाला नेले तेव्हा त्याला येणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. शिकवणारे, विषय आणि वर्ग मात्र तेच होते.

एवढ्याने सारे सुटत नाही, कारण व्याख्यान टाळण्याची सवय एमबीबीएसच्या आधीच लागलेली असते आणि माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत दुर्लक्षित मूळ तेच आहे. नीट परीक्षेतून आपल्यापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी अकरावी-बारावीची दोन वर्षे लातूर, नांदेड, कोटा किंवा पुण्या-मुंबईच्या शिकवणी वर्गांत काढलेली असतात. कनिष्ठ महाविद्यालयात त्यांचे नाव असते, हजेरीही लागते, पण तिथे ते प्रात्यक्षिक परीक्षेपुरतेच जातात. हा प्रकार इतका वाढला होता की २०१८मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वर्षे ज्याने पाहिले की खरे शिकणे क्लासमध्ये होते आणि महाविद्यालय हे हजेरी मांडून ठेवण्याचे ठिकाण असते, आणि ज्याला याच वागण्याचे फळ म्हणून वैद्यकीय प्रवेश मिळाला, तो आपल्याकडे येऊन एकाएकी वेगळे का वागेल? आपण त्याला बेशिस्त म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो आजवर यशस्वी ठरलेल्या पद्धतीनेच चालत असतो.

ती पद्धत पुढे चालवायला साधनेही हाताशी आहेत. पूर्वी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी इंटर्नशिपमध्ये सुरू होत असे. आता मॅरो, प्रेपलॅडर यांसारख्या ॲपची वर्गणी दुसऱ्या वर्षातच, अनेकदा चार-पाच मित्रांत मिळून, भरली जाते. तिथला शिक्षक दीडपट वेगाने ऐकता येतो, थांबवता येतो, त्याच्या नोट्स छापील मिळतात आणि प्रकरणाच्या शेवटी नीट पीजीच्या धर्तीचे बहुपर्यायी प्रश्न सोडवता येतात. एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेची जागा घेणारी नेक्स्ट परीक्षा २०१९च्या कायद्यात लिहिली गेली आणि नंतर वारंवार पुढे ढकलली गेली. आपली तुकडी तिच्यात सापडेल की नाही या धास्तीनेही अनेकांनी ॲप घेतले. याच्याशी तुलना करता सकाळी आठला पडद्यावरच्या सत्तर स्लाइड एका सुरात वाचणारे व्याख्यान टिकणार नाही आणि टिकावे अशी अपेक्षाही मी करणार नाही. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी ॲप फारसे उपयोगी पडत नाही, पण ती उणीव मुले शेवटच्या महिन्यात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून भरून काढतात. आपले विद्यार्थी उत्तीर्ण होतात याचे कारण हेच आहे. तासाला न येण्याचा त्यांचा हिशेब परीक्षेपुरता बरोबर आहे, हे आधी मान्य करावे लागते.

हिशेब हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. परीक्षेला बसण्यासाठी सैद्धांतिक तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व क्लिनिकल कामाला ८० टक्के हजेरी लागते, हा नियम किमान मर्यादा म्हणून केला गेला. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र त्याचे कोष्टक झाले आहे. मोबाइलवर विषयवार तास नोंदवून ‘अजून किती बंक शिल्लक आहेत’ हे दर आठवड्याला पाहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती मागच्या बाकावरची नसून बहुधा पहिल्या दहातली असतात. दुसरीकडे अभ्यासक्रमाचा नियमच सांगतो की व्याख्याने एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावीत आणि उरलेला वेळ गटचर्चा, प्रात्यक्षिक व रुग्णांजवळच्या शिक्षणासाठी असावा. प्रत्यक्षात शिक्षक अपुरे असले की वेळापत्रकात ‘लघुगट चर्चा’ लिहिलेल्या तासाला दीडशेच्या दीडशे जणांना सभागृहात बसवून आणखी एक व्याख्यान होते, आणि शिक्षक तपासणीच्या कामात अडकले की तेही न होता मुलांना दारावरून परत जावे लागते. पूर्वसूचना न देता तास रद्द होणे, हे पुढच्या तासाच्या गैरहजेरीचे एक हमखास कारण आहे.

व्याख्यानाला न आल्याने होणारे नुकसान भरून काढता येते. वॉर्डाच्या बाबतीत मी इतकी उदार नाही, आणि तिथली गैरहजेरी हजेरीपटावर बहुतेक वेळा दिसतच नाही. नऊला वीस विद्यार्थी वॉर्डात येतात. युनिटचे निवासी डॉक्टर रात्रीच्या इमर्जन्सीनंतर डिस्चार्जचे कागद लिहीत असतात, प्राध्यापक ओपीडीत असतात आणि साडेनऊला कोणीतरी सांगते, “सह्या करा आणि लायब्ररीत बसा.” असे दोन-तीनदा झाले की मुले फक्त सहीपुरती येऊ लागतात. याचे दुसरेही एक कारण आहे, पण विद्यार्थी ते उघडपणे बोलत नाहीत. वॉर्डात प्लीहा वाढलेली एखादी वृद्ध बाई दाखल असते आणि शिकवण्यासाठी ती चांगली केस असल्याने प्रत्येक बॅच तिच्याच पोटावर हात ठेवते. आठव्या-नवव्या विद्यार्थ्याच्या वेळी ती पदर ओढून घेते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. ज्या मुलाचा हात तेव्हा पुढे आलेला असतो तो ओशाळतो, आपल्या शिकण्याने रुग्णाला त्रास होतो असे त्याला वाटते आणि दुसऱ्या दिवशी तो मागे उभा राहतो. मागे उभ्या असलेल्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, मग तो येईनासा होतो. रुग्णाला आधी विचारावे, बॅचमधल्या तिघांनाच तपासू द्यावे, बाकीच्यांसाठी दुसरा रुग्ण शोधावा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. संवाद आणि नीतिमूल्यांचे एटकॉम हे सत्र अभ्यासक्रमात आहे, पण ते बहुतेक ठिकाणी वॉर्डात न होता सभागृहात होते.

भाषेचे अडसर दोन्ही बाजूंनी असतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या तासाला इंग्रजीतून विचारलेला प्रश्न समजूनही उत्तर देऊ शकत नाही. दीडशे जणांसमोर एकदा हसे झाले की तो अशा शिक्षकांचा तास टाळतो. दुसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर चित्र उलटते. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात, आणि राजस्थानातून किंवा केरळमधून आलेल्या मुलीला “अंगावरून पांढरं जातंय, भोवळ येते, अन् हातापायाची आग होते” हे सांगणाऱ्या बाईंची हिस्ट्री, म्हणजे आजाराची सगळी माहिती, विचारून घेता येत नाही. तिथे मराठी माध्यमातला तोच विद्यार्थी पुढे असतो आणि ही हुशार मुलगी गप्प असते. दोघांची जोडी लावून दिली तर दोघेही येतात. मी प्रत्येक पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी एवढे एकच काम न चुकता करते.

आता ‘कोण येत नाही’ या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, आणि माझ्या दृष्टीने खरी काळजी इथे आहे. शंभर जण व्याख्यानाला आले नाहीत तर दोष वेळापत्रकात, परीक्षेत किंवा आपल्या शिकवण्यात शोधावा. पण एकच विद्यार्थी व्याख्यान, प्रॅक्टिकल आणि वॉर्ड या तिन्ही ठिकाणी हळूहळू दिसेनासा झाला, तर ती बाब हजेरीची राहत नाही. त्याला कावीळ किंवा क्षय झालेला असू शकतो, घरी वडिलांचे आजारपण असू शकते, पहिल्या वर्षात नापास होऊन मागच्या तुकडीत बसावे लागल्याची लाज असू शकते, वरिष्ठांचा जाच असू शकतो, व्यसन असू शकते, आणि अनेकदा नैराश्य असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला. त्यासाठी झालेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थी सहभागी झाले आणि त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले. अशा विद्यार्थ्याची पहिली खूण बहुधा गुणपत्रिकेत दिसत नाही, ती हजेरीत दिसते.

आणि नेमकी तीच खूण प्रॉक्सीमुळे पुसली जाते. रूम-पार्टनर आणि बॅचमेट त्याच्यावरच्या प्रेमापोटी त्याची सही करत राहतात, ‘बिचारा आधीच टेन्शनमध्ये आहे, निदान डिटेन तरी होऊ नये’ (म्हणजे हजेरीअभावी परीक्षेला बसण्यापासून अडवला जाऊ नये) असे म्हणतात, आणि ज्या मुलाने महिनाभर खोलीबाहेर पाऊल टाकलेले नसते त्याची हजेरी आपल्या कागदावर ८२ टक्के असते. प्रॉक्सीबद्दल विद्यार्थ्यांशी बोलताना मी प्रामाणिकपणावर व्याख्यान देत नाही, ही गोष्ट सांगते आणि ती त्यांना लगेच पटते. त्यानंतर एखादी मुलगी दारात थांबून “मॅडम, एकदा तिच्याशी बोलाल का?” असे विचारते, तेव्हा त्या दिवशीचा तास वाया गेला तरी चालतो. मात्र अशा विद्यार्थ्याला बोलावताना पहिला फोन पालकांना करू नये आणि हजेरीचा कागद समोर ठेवून बोलणे सुरू करू नये. जेवतोस कुठे, झोप लागते का, शेवटचे घरी कधी गेला होतास, हे विचारावे. जिवाला धोका वाटला तर त्याच दिवशी मानसोपचार विभागातील सहकाऱ्यांकडे स्वतः सोबत जावे, त्याला एकटे सोडू नये आणि मग घरच्यांना बोलवावे.

हजेरी कडक केल्याने फरक पडेल का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की आकडा वाढेल, बाकी फारसे काही होणार नाही. दीडशे नावे पुकारायला दहा मिनिटे जातात, म्हणजे तासाचा सहावा भाग, आणि नाव लागताच मागच्या दाराने जाणारे जातातच. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे बसवल्यावर मुले ठसा देऊन वसतिगृहात परततात. आजारपणाच्या प्रमाणपत्रांविषयी न बोललेलेच बरे. डॉक्टरांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रमाणपत्राला कधी तोटा पडत नाही. माझा सल्ला असा की व्याख्यानाची हजेरी कागद फिरवून घ्यावी आणि तिच्यात फार शक्ती घालवू नये, पण प्रॅक्टिकल आणि वॉर्डची हजेरी स्वतः चेहरे पाहून घ्यावी. सलग तीन वेळा न दिसलेल्याची चौकशी त्याच आठवड्यात करावी, सत्राच्या शेवटी नव्हे.

व्याख्यानाकडे मुले परत वळवायची असतील तर ॲपवर मिळणार नाही असे काही तिथे असावे लागते, आणि आपल्या विषयात ते मुबलक आहे. उच्च रक्तदाबाच्या औषधांचे वर्गीकरण ॲपवर उत्तम मिळते, तेव्हा त्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी मेडिसिनच्या वॉर्डातून नाव झाकलेला एक केस पेपर आणावा. साठ वर्षांचा मधुमेही शेतकरी, क्रिएटिनिन वाढलेले (म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण), पायाला सूज, आधीच्या दवाखान्यातून लिहून दिलेल्या सात गोळ्या, आणि त्यांतली एक गुडघेदुखीची, जी तो मेडिकलमधून स्वतःच घेतो. कोणती गोळी आधी बंद करायची, का, आणि रुग्णालयाच्या औषधसाठ्यात आज काय उपलब्ध आहे, हे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तर चुकले तरी हसू नये. असा तास आठवड्यातून एकदाच घेतला तरी पुरतो, फक्त तो कोणत्या दिवशी होणार हे आधी सांगू नये. पहिल्या दोन महिन्यांत संख्या वाढली नाही तरी हे सोडू नये, कारण बातमी वसतिगृहात पोचायला वेळ लागतो.

जादा तासांविषयी माझे मत स्पष्ट आहे. सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात संध्याकाळी घाईने घेतलेले तास म्हणजे वर्षभर आलेल्यांवर अन्याय असतो, आणि पुढच्या तुकडीला त्यातून एवढेच कळते की शेवटी सगळे जुळवून घेतले जाते. खऱ्या आजारपणामुळे, घरातल्या मृत्यूमुळे किंवा उशिराच्या प्रवेशफेरीतून दाखल झाल्यामुळे ज्यांचे तास बुडाले त्यांची यादी वेगळी करावी आणि त्यांच्यासाठी वर्षाच्या मध्यावरच, पाच-सहा जणांच्या गटात, प्रॅक्टिकल आणि केस चर्चा भरून घ्याव्यात. बाकीच्यांना सत्राच्या पहिल्याच महिन्यात, आणि नंतर दर महिन्याला, प्रत्येक विषयाची हजेरी लेखी दाखवावी, म्हणजे डिफॉल्टर यादीच्या दिवशी “आम्हाला माहीतच नव्हतं” असे म्हणत पालकांना घेऊन कोणी दारात उभे राहणार नाही. एवढे करूनही ज्यांचे तास ७५ टक्क्यांच्या खाली राहतील त्यांची नावे विभागप्रमुखांच्या सहीने जशीच्या तशी पुढे पाठवावीत आणि त्यात एकाचीही टक्केवारी गोड बोलून वाढवू नये.